नाते असो वा नसो

ऑफिसात तिला सगळे म्हणजेबाई म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि ती रागवायची नाही, कारण तिचं कामच ते होतं. सरकारी वैद्यकीय मदत कुणाला द्यायची याचे नियम वरचे लोक ठरवत. पण त्या नियमांत जे शब्द येत त्यांचा अर्थ काय घ्यायचा, हे लिहून देणं तिच्याकडे होतं. उत्पन्न म्हणजे काय. रहिवासी म्हणजे कोण. एखादा माणूस दुसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणजे नेमका किती. नियमांच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं तिची, आणि ती कुणी वाचत नसे. लोक थेट शेवटाकडे जात, जिथे कुठल्या आजाराला काय मिळतं ते छापलेलं असे. मदत नाकारली गेली की मात्र सगळ्यांना पहिली पानं आठवत, आणि मग ती पानं लिहिणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली जात.

तिचं टेबल वरच्या मजल्यावर, दोन लोखंडी कपाटांच्या मागे होतं. पंखा होता, पण त्याचा वारा कपाटांना लागायचा. टेबलासमोर दोन खुर्च्या असत. भेटायला कुणी येत नसे, तरी त्या खुर्च्या ती कुणाला हलवू द्यायची नाही. तिची कामाची रीतच तशी होती. एखाद्या शब्दाचा अर्थ लिहून झाला की डाव्या खुर्चीवर ती मनानं ओळखीतलं असं माणूस बसवायची जे त्या शब्दात यायलाच हवं, आणि उजव्या खुर्चीवर असं, जे येता कामा नये. मग लिहिलेलं वाक्य दोघांना मोठ्यानं वाचून दाखवायची. डावीकडचं माणूस बाहेर राहिलं किंवा उजवीकडचं आत शिरलं, की कागद टोपलीत.

"आज बाई कुणाशी भांडतायत?" चहावाला पलीकडच्या टेबलांवर विचारायचा.

"खुर्चीशी," हिशेबनीस सांगायचा. "आणि खुर्ची जिंकत चाललीय."

'तात्पुरता' या शब्दावर तिनं एवढे दिवस काढले होते की साहेबांनी शेवटी कपाटामागे येऊन विचारलं, अडलंय कुठे. तिनं बाहेरच्या हेडक्लार्ककडे बोट दाखवलं. त्याची नेमणूक कागदोपत्री अजून तात्पुरती होती आणि डोक्यावरचे केस सगळे पांढरे झाले होते. साहेब परत गेले.

शब्दाचा कीस पाडणारी बाई म्हणून लोक हसत, पण त्या खुर्च्यांमागे एक गोष्ट होती जी कुणाच्या लक्षात आली नव्हती. खुर्चीवर बसवायला माणसं लागतात. सुरुवातीला तिच्याकडे भरपूर होती: वडील, दोन मावश्या, शाळेतल्या मैत्रिणी, चुलत्याचं भांडकुदळ घर. वडील गेले, मावश्या गेल्या, मैत्रिणी आपापल्या संसारात बुडाल्या. भाऊ समुद्रापलीकडे. त्याचा फोन यायचा, "तब्येत?" "बरी. तुझी?" "बरी," एवढ्यावर दोघांचं बोलणं आटपायचं. हळूहळू तिला बसथांब्यावरची, भाजीच्या दुकानातली, नुसती पाहून माहीत असलेली माणसं खुर्च्यांवर बसवावी लागू लागली. त्यांच्याविषयी बरंचसं तिला स्वतःच रचावं लागे. ज्या दिवशी हे तिच्या लक्षात आलं त्या दिवशी ती घरी चालत गेली, आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटतं का ते पाहत राहिली. कुणी भेटलं नाही.

तिनं केलेल्या सगळ्या कामात तिला मनापासून आवडलेलं वाक्य एकच होतं. पूर्वी पुस्तकात कुटुंब म्हणजे रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असलेली माणसं, असं होतं. एकदा एक बाई चुकून तिच्या टेबलापर्यंत येऊन पोचली. मेलेल्या बहिणीच्या सवतीचा मुलगा तिनं लहानपणापासून वाढवला होता. मुलाला रोज औषध लागायचं आणि बाईच्या मदतीच्या कार्डावर ते मिळत नव्हतं, कारण तो तिचा कुणी नव्हता. "माझ्याच ताटात जेवतो हो तो," बाई म्हणाली, "अजून कोण असायला पाहिजे?"

म्हणजेबाईनं नवं वाक्य लिहिलं: एका छताखाली किंवा एकाच आवारात राहणारी आणि सामान्यतः एकत्र जेवणारी माणसं म्हणजे कुटुंब, त्यांच्यात नाते असो वा नसो. शेवटच्या चार शब्दांसाठी ती साहेबांशी भांडली. साहेब म्हणाले, अहो, याचा फायदा कुणीही घेईल. ती म्हणाली, घेऊ दे. वाक्य छापून आलं, मुलाला औषध मिळालं, आणि ती बाई पुन्हा कधी दिसली नाही. काम झाल्यावर कोण कशाला येतंय.

आता शिंप्याचं सांगायला हवं. म्हणजेबाई राहायची ते घर दुमजली होतं. वरच्या खोल्यांत ती, खाली शिंपीकाका. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे एक पलंग, एक शेगडी आणि गेलेल्या बायकोचा फोटो. पोरंबाळं नव्हती. मालक परगावी असायचा आणि भाड्यापुरताच आठवण काढायचा. बरीच वर्षं त्यांचं बोलणं नळाच्या पाण्यापलीकडे गेलं नव्हतं. मग एकदा काकांचा गॅस संपला, म्हणून ते धुतलेल्या तांदळांचं पातेलं घेऊन वर आले. भात शिजेपर्यंत बसले. शिजलेला भात एकट्यानं खाली काय न्यायचा, म्हणून तिथेच जेवले. दुसऱ्या दिवशी गॅस आला. संध्याकाळी काका पातेलं घेऊन पुन्हा वर आले, आणि गॅसचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही.

काका स्वभावानं तिरसट. जगातल्या प्रत्येकाच्या कपड्यांत त्यांना चूक दिसायची. "तुझ्या साहेबाच्या शर्टाची बाही कुणी लावली? हात वर केला की शर्ट वर जातो त्याचा." किंवा, "डावा खांदा उतरलाय तुझा. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत जा जरा." ती दिवसभरात अडलेला शब्द त्यांच्यापुढे टाकायची आणि ते घास चावत चावत त्याची वाट लावायचे. तिच्या हळूहळू लक्षात आलं की आपण बस सुटू नये म्हणून पळायला लागलोय. या वयात, साडी सावरत, एका तिरसट म्हाताऱ्याबरोबर भात खायला. तिला हसू आलं आणि तिनं पळणं थांबवलं नाही.

मग काकांच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी आधी मीठ बंद केलं. तिनं दोघांचंच मीठ बंद केलं. दोन वेगळ्या भाज्या कोण करत बसणार, असं ती म्हणाली. खरं म्हणजे ते अळणी खात असताना समोर बसून चवीनं खाणं तिला जमलं नसतं. मग डॉक्टर म्हणाले की किडन्या थकल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल, नाहीतर फार दिवस काढता येणार नाहीत. त्याचा खर्च तिनं मनाशी मांडून पाहिला. शिंप्याच्या कमाईत बसत नव्हता, तिच्या पगारातही बसत नव्हता, दोन्ही मिळूनही नव्हता. सरकारी मदत मिळाली तरच काका जगणार होते.

अर्जाचा कागद तिनंच आणून दिला. भरायला मात्र बसली नाही. ओळखीच्या माणसाच्या अर्जाला ऑफिसातल्या कुणी हात लावायचा नाही असा नियम होता, आणि नियमाच्या बाबतीत ती तसूभरही सूट देत नसे. "खिडकीवर मुलगी असते, ती मदत करते," ती म्हणाली. "जे खरं असेल ते सांगा."

काकांनी सांगितलं. उत्तर आलं त्या संध्याकाळी ते पातेलं न घेताच वर आले.

"नाही म्हणाले," ते म्हणाले. "कुटुंबाचं उत्पन्न जास्त आहे म्हणे. हसूच आलं मला. माझं उत्पन्न आणि जास्त."

तिला शंका आली. "काका, कुटुंबात कुणाकुणाला घातलंत?"

"कुणाकुणाला म्हणजे? मी आणि तू."

तिनं गॅस बंद केला.

"त्या मुलीनं अर्थ वाचून दाखवला ना. एका आवारात राहतात, एकत्र जेवतात, नातं असो नसो. मी म्हटलं, अरे वा, मग आहे की माझं एक माणूस. वरच्या मजल्यावर राहते, लिही."

तिनं कपाळाला हात लावला. रडू येत होतं आणि ते दुःखाचंच आहे असं तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. आईवडिलांमागे पहिल्यांदाच कुणीतरी तिला आपल्या घरातलं म्हणून सांगितलं होतं. ते तिनंच लिहिलेल्या वाक्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, आणि नेमक्या त्याच गोष्टीनं म्हाताऱ्याचा जीव जायची वेळ आली होती. दोघांची कमाई एकत्र धरली की मदतीच्या मर्यादेबाहेर जात होती.

"मग खोडून टाक मला," काका म्हणाले. "म्हणजे, तुला."

"खोडता येत नाही. खरं आहे ते."

त्या दिवसांत पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती, आणि साहेबांनी जुनी पानं तिच्याकडे पाठवली होती: काही बदलायचं असेल तर बदला. नशीबच म्हणायचं, लेखणी तिच्याच हातात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं डाव्या खुर्चीवर औषधासाठी आलेल्या त्या बाईला बसवलं, मुलासकट. उजव्या खुर्चीवर काकांना. मग वाक्य फिरवून फिरवून पाहिलं. ज्यांच्यावर एकमेकांना पोसायची कायद्यानं जबाबदारी आहे तेवढेच कुटुंब, असं लिहिलं तर ती स्वतः काकांपासून सुटी व्हायची आणि त्यांना मदत मिळायची. पण त्या बाईवर तरी त्या मुलाची कुठली कायद्यानं जबाबदारी होती? तोही सुटा झाला असता, औषधापासूनही. तिनं सगळ्या बाजूंनी पाहिलं. काकांना बाहेर सोडणाऱ्या प्रत्येक वाक्यातून तो मुलगा बाहेर पडत होता. टोपली भरली.

संध्याकाळी तिनं पानं साहेबांच्या टेबलावर ठेवली. "बाकीचं पाहिलंय. कुटुंब या शब्दाला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"का हो? तुमचं लाडकं वाक्य ते."

"त्यात मी आहे," ती म्हणाली.

साहेबांना ती गंमत वाटली. ते हसले आणि वाक्य होतं तसं छापायला गेलं.

आता एकच वाट उरली होती. घरातली परिस्थिती बदलली तर नवा अर्ज करता येतो, मग तपासनीस घरी येऊन पाहतो. तिनं काकांना सांगितलं, उद्यापासून तुम्ही खाली जेवायचं, मी वर. ताट पाठवायचं नाही, वाटी पाठवायची नाही.

"किती दिवस?"

"तपासनीस येऊन जाऊ दे," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पुढचं तिनं पोटात ठेवलं.

पुढचं असं होतं की 'विभक्त' या शब्दाचा अर्थही तिनंच लिहिला होता. तेव्हा उजव्या खुर्चीवर तिनं एका ठेकेदाराला बसवलं होतं, ज्यानं मदत लाटायला म्हाताऱ्या आईबापांना कागदोपत्री वेगळं काढलं होतं आणि काम झाल्यावर पुन्हा घरात घेतलं होतं. त्याला बाहेर ठेवायला तिनं लिहिलं होतं: पुन्हा एकत्र येण्याचा हेतू नसलेले. ठेकेदार चांगला अडकला होता. तेव्हा तिला मोठा विजय वाटला होता.

वेगळं जेवायला लागल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिनं भाजीत मीठ घातलं. घास घेतला, आणि जेवण तसंच झाकून ठेवलं. जेवण झाल्यावर गप्पा मारायला बसू, असं दोघांनी ठरवलं होतं; त्यावर तर नियम काही म्हणत नव्हता. ती खाली जाऊन स्टुलावर बसायची. पण जेवताना ज्या गोष्टी आपोआप निघतात त्या नुसतं समोरासमोर बसून निघत नाहीत. काका सुईत दोरा ओवायचे, ती भिंतीवरच्या फोटोकडे पाहायची, आणि "बरं, येते" म्हणून उठायची. पाहुणी म्हणून येणं दोघांनाही जमत नव्हतं. चार दिवसांनी ते बसणंही बंद पडलं. खाली पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज झाला की ती आपला भात वाढून घ्यायची. काकांची सूज वाढत होती. खाली त्यांचं शिलाई मशीन थांबत थांबत चालायचं, आणि ते फार वेळ थांबलं की तिचा जीव वरखाली व्हायचा.

तपासनीस आला तो घामाघूम झालेला, झिजलेल्या चपलांचा, पोटापाण्याला लागलेला साधा माणूस होता. ती ऑफिसातली आहे हे त्याच्या कागदांत होतं, पण कुठल्या टेबलावरची ते त्याला माहीत नव्हतं. दुकानात कापडाचे तुकडे बाजूला सारून त्याला बसवलं. ती दाराशी उभी राहिली. त्यानं दोन्ही शेगड्या पाहिल्या, दोन्हीकडचे डबे उघडून पाहिले, मग पिशवीतून पुस्तक काढलं.

"बाई, नीट समजून घ्या," तो तिला म्हणाला. "कुटुंब म्हणजे नातंच लागतं असं नाही." आणि त्यानं तिला तिचं वाक्य वाचून दाखवलं. "चांगलं लिहिलंय कुणीतरी. आमचं काम सोपं होतं. तर, तुम्ही एकत्र जेवता?"

"नाही."

"मागच्या अर्जात जेवत होतात असं आहे."

"तेव्हा जेवत होतो. आता नाही."

"भांडण झालं?"

"नाही. थांबवलं."

त्यानं पान उलटलं. "मग एक विचारावंच लागतं, पुस्तकात आहे म्हणून. पुन्हा एकत्र जेवायचा हेतू आहे का?"

काकांना गंमत वाटली. ते टेप गळ्यातून काढत म्हणाले, "अहो साहेब, हेतू काय विचारता, हे तर नुसतं तुमच्या..."

"नाही," ती म्हणाली. काकांच्या आवाजावर चढून, इतक्या मोठ्यानं की तपासनीसानं मान वर केली. "माझा तसा हेतू नाही. कधीच नाही."

काका तिच्याकडे पाहत राहिले. तपासनीस त्यांच्याकडे वळला. "आणि तुमचा, काका?"

काकांनी टेप मांडीवर ठेवला. "तीच नाही म्हणते," ते म्हणाले, "तर माझा असून काय करू?"

तपासनीसानं लिहून घेतलं, पाणी प्यायला, मंजुरी पुढच्या आठवड्यात येईल म्हणाला आणि गेला. दुकानात दोघंच उरली.

"हे आधी सांगितलं नाहीस," काका म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही तयार झाला नसता."

"बरं. त्याच्यासमोर म्हटलंस ते म्हटलंस. गेला तो. संध्याकाळी पातेलं घेऊन येतो."

"येऊ नका."

"कोण बघायला बसलंय?"

"कुणी नाही. पण मी हेतू नाही म्हणाले. तो ठेवला तर खोटं होईल, आणि खोट्यावर मिळालेली मदत मी तुम्हाला घेऊ देणार नाही. मलाही झोप लागणार नाही."

"मग नकोच ती मदत," काका चिडले. "जगेन तेवढं जगेन. निदान माणसासारखा जेवेन तरी. तू आणि तुझे शब्द. दुसरं कुणी नाही का गं तुला जगात?"

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही. म्हणून तर." तिनं दाराची चौकट धरली. "तुम्ही जेवायला नसलात तर मी चालवून घेईन, काका. मला आवडणार नाही, पण घेईन. तुम्ही खालीच नसलात तर मला हा जिना चढवणार नाही. मला तुम्ही हवे आहात. ताटावर नाही तर नाही."

काकांनी टेप बोटांभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. मशीनवर अर्धं शिवलेलं कुणाचं तरी जाकीट पडलं होतं. ते त्याची शिवण तपासत बसले आणि मान वर न करता म्हणाले, "इस्पितळात जायचं तर रिक्षा कुठून मिळते?"

उपचार सुरू झाले. काकांची सूज उतरली, मशीन पुन्हा नेमानं वाजायला लागलं, आणि तिरसटपणाही परत आला. गिऱ्हाइकांशी भांडताना त्यांचा आवाज वरपर्यंत येतो आणि ती हातातलं काम थांबवून ऐकते. दर वर्षी तपासणी होते. दर वर्षी कुणी ना कुणी तोच प्रश्न विचारतं, दोघं तेच उत्तर देतात, आणि ते खरं असतं. घरात दुसरं कुणी राहायला आलेलं नाही. अंधार पडायच्या सुमारास ती नळावर भांडी घासायला खाली उतरते, तेव्हा काका दुकानाची फळी लावत असतात.

"जेवलीस?" ते विचारतात.

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो."

मग ते आत जातात, ती वर जाते, आणि दोन्ही दारांच्या कड्या लागतात.